रास्पबेरी पाय पहिल्यांदा हातात घेताना

ज्युनिअर मुलं विचारतात, रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर शिकायचा, तर आधी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा किती यायला हवी? माझं मत आहे, पायथन जेमतेम आली तरी चालेल. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज वगैरे मोजायचा मीटर, मात्र धरता यायला हवा.

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये रास्पबेरी पाय ४ होता. एटीएम कार्डाएवढ्या बोर्डावर प्रोसेसर, रॅम, यूएसबी, एचडीएमआय सगळं बसवलेलं. हार्ड डिस्क नसते, मायक्रोएसडी कार्डावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून ते खोचायचं. २०१२ साली पहिला बोर्ड आला तो शाळकरी मुलांनी कॉम्प्युटर आतून शिकावा म्हणून, आणि त्यात रॅम होती २५६ एमबी. शिकण्यापुरता साधा बोर्ड आजही पुरतो, सगळ्यात महागडा घेऊ नका. जुने व्हिडिओ बघून ‘पाय’ आणि ‘रास्पबेरी’ हे ठरलेलं यूजरनेम-पासवर्ड टाकत बसू नका. २०२२ पासून ते बंद झालंय, आता कार्ड तयार करतानाच स्वतःचं ठेवायचं.

पहिली अडचण बहुतेकांना विजेची येते. मोबाइलचा चार्जर लावला की बोर्ड सुरू होतो, पण स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. व्होल्टेज कमी पडतंय, असा त्याचा अर्थ. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लागतो. लॅबमधले काका पोरं कोड उघडायला लागली की ओरडायचे, “पोट्टेहो, काय करून राहिले? आधी मीटर लावा!” आज त्यांचं ते ओरडणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

मग पिना, म्हणजे बाहेरचे दिवे, सेन्सर जोडायच्या जागा. एकूण ४०, आणि त्यांचे नंबर दोन प्रकारे मोजतात, एक कोडमध्ये वापरायचा जीपीआयओ नंबर आणि दुसरा बोर्डावरच्या जागेचा: जीपीआयओ १७ म्हणजे बोर्डावरची ११ वी पिन. तक्ता समोर ठेवूनच वायर लावा. या जीपीआयओ पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. आर्डुइनो उनो या दुसऱ्या शिकाऊ बोर्डावर ५ व्होल्टची सवय झालेल्यांनी इथे फार सांभाळावं, ५ व्होल्टचा सिग्नल थेट दिला तर पिन जळू शकते, कधी अख्खा बोर्डही. पहिला प्रयोग म्हणून एलईडी लावाल, तेव्हा त्याला ३३० ओहमचा रेझिस्टर (करंट मर्यादेत ठेवणारा भाग) लावायचाच.

एलईडी लागला की लगेच रोबोटच्या मागे लागू नका. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर घ्या, नागपुरात असाल तर बर्डीच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारा. तीन तारा: ३.३ व्होल्ट, ग्राउंड आणि डेटाची तार जीपीआयओ ४ वर, म्हणजे ७ व्या पिनेवर. डेटा आणि ३.३ व्होल्टच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. सेटिंगमध्ये वन-वायर (एकाच तारेवरून डेटा वाचायची सोय) चालू करून बोर्ड रीस्टार्ट केला की २८ ने सुरू होणारं एक फोल्डर दिसतं. त्यातल्या फाइलमध्ये ३१२५० असा आकडा आला तर तापमान ३१.२५ अंश.

खरी मजा आकडा चुकतो तेव्हा असते. कधी अचानक ८५ अंश दाखवतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे मान्य, पण खोलीत ८५? सेन्सरला वीज मिळाल्यावर त्याच्यात मुळात ८५ च भरलेलं असतं, आणि मोजणी पूर्ण झाली नाही तर तेच वाचलं जातं. म्हणजे कोड सोडा, सेन्सरची वीज आणि जोडणी तपासा. फोल्डरच दिसत नसेल तर आधी तो रेझिस्टर बघा. असा एकेक धागा पकडत बिघाडापर्यंत पोचायची सवय मला या एका सेन्सरने लावली, आणि पुढे प्रोजेक्टमध्ये तीच कामी आली.

उन्हाळ्यात बोर्डाचंही तापमान बघत जा. ८० अंशांच्या आसपास प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, त्यामुळे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लावा आणि बोर्ड बंद डब्यात ठेवू नका. काम झालं की सरळ प्लग काढायचा नाही, कार्डावर लिहिणं चालू असेल तर फाइल्स खराब होतात. शटडाउन द्या, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मग प्लग काढा.