पाताळेश्वरातील ऊन आणि अंधार एकाच फोटोत

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर लेण्याच्या आतून भर दुपारी बाहेरच्या गोल नंदीमंडपाचा फोटो घेतल्यास एकतर मंडप पांढराफटक होतो किंवा लेण्याचे खांब काळेठिक्कर पडतात. डोळ्यांना दोन्ही दिसत असले, तरी कॅमेऱ्याच्या सेन्सरला एवढी तफावत एका वेळी पेलत नाही.

प्रथम कॅमेरा रॉ स्वरूपावर (सेन्सरने टिपलेली सगळी माहिती जपणारी फाइल) आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० वर ठेवावा. चाचणीचा एक फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतील उजेड-अंधाराचा आलेख, पाहावा. आलेख उजव्या कडेला आदळत असेल, किंवा पडद्यावर उन्हातला दगड (अतिउजळ झाल्याच्या इशाऱ्याने) लुकलुकत असेल, तर ते थांबेपर्यंत एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करण्याची सोय) एक-तृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) कमी करत जावे. सावलीतला तपशील नंतर संगणकावर बराचसा उजळता येतो, मात्र पूर्ण पांढरा झालेला भाग परत मिळत नाही.

सावली उजळताना फारच दाणे दिसू लागले, तर ब्रॅकेटिंग वापरावे: अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ८ वर स्थिर ठेवून, केवळ शटरचा वेग बदलत, ०, −२ आणि +२ स्टॉप असे तीन फोटो घ्यावेत व ते सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करावेत. या काळात कॅमेरा हलता कामा नये. मधूनच कोणी चालत गेले, तर जोडलेल्या फोटोत त्याचे भूत उमटते, आणि पाताळेश्वरात रविवारी अशी भुते पुष्कळ! लेण्याचा अंधार अंधारच ठेवलेला मला अधिक आवडतो.