सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन खळखळतंय? टायमिंग चेनचा आवाज असा ओळखा, असा निस्तरा

रात्रभर उभ्या गाडीला सकाळी चावी मारली की बॉनेटखालून खळखळ येते. सायकलची सैल साखळी चेनकव्हरला आपटावी तशी. दोन-तीन सेकंदांत आवाज बंद होतो आणि ऑफिसच्या घाईत आपण तो विसरूनही जातो. मी घेतलेल्या जुन्या डिझेल गाडीचा हा आवाज मी चार महिने सोडून दिला होता. तुम्ही सोडू नका.

चेन की बेल्ट, ते आधी बघा

क्रँकशाफ्टचे (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एक व्हायला हवा. हे गणित काही गाड्यांत रबरी बेल्ट सांभाळतो, काहींत लोखंडी चेन. मारुती ८००, जुनी झेन आणि ७९६ सीसीची अल्टो या बेल्टच्या गाड्या. मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं चेनची. स्विफ्ट, रिट्झ, इंडिका व्हिस्टा अशा अनेक गाड्यांत बसलेलं फियाटचं १.३ डिझेलही चेनचंच. नुसत्या गाडीच्या नावावर जाऊ नका. आय-टेनचं १.१ इंजिन बेल्टचं आणि १.२ कप्पा चेनचं आहे. बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलायचाच असतो. चेनला तसं वेळापत्रक बहुधा नसतं, म्हणून 'चेनला काही होत नाही' असा समज पसरलाय. चेन टिकते ती तेलाच्या जिवावर.

आवाज नेमका कधी येतो?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधीच मला विचारलं होतं, "पावणं, आवाज सकाळचा हाय का दिवसभराचा?" निम्मं निदान या प्रश्नातच आहे.

चेन ताणून धरायला टेन्शनर असतो. बहुतेक गाड्यांत तो इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. चेन ज्यांच्यावरून सरकते ते गाइड प्लास्टिकचे असतात. रात्रभरात टेन्शनरमधलं तेल उतरतं, सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन सैल राहते आणि गाइडवर आपटते. आवाज सकाळी दोन-तीन सेकंदच येत असेल तर तेल, फिल्टर किंवा टेन्शनरवर संशय घ्या. गरम इंजिनालाही आयडलवर येत असेल, ॲक्सिलरेटर सोडताना वाढत असेल, तर चेन किंवा गाइड झिजल्याची शक्यता मोठी.

चेन 'लांबते' म्हणतात, पण तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश केसभर झिजतात आणि शंभरावर कड्यांची ती झीज एकत्र होते. डिझेलच्या काळ्या तेलातली काजळी बारीक पॉलिश पेपरासारखं काम करते. घर ते महाद्वार रोड एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं तेल तर नीट तापतही नाही. अशा गाडीला किलोमीटर कमी पडले असले, तरी वर्षातून एकदा तेल बदला.

घरी करायची तपासणी

रात्री गाडी सपाट जागी लावा. सकाळी स्टार्ट करण्याआधी डिपस्टिक काढून तेलाची पातळी बघा. कमी असेल तर योग्य ग्रेडचं तेल भरा आणि मगच पुढे जा. मग बॉनेट उघडं ठेवून, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून दुसऱ्या कुणाला तरी गाडी सुरू करायला सांगा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला. ओढणी, सैल बाह्या, हात पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून लांब. आडव्या बसवलेल्या इंजिनात चेन सहसा गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाला असते. खळखळ तिकडूनच येते का, ते ऐका.

वरून एका लयीत टकटक येत असेल तर ते टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे भाग, असू शकतात. अल्टरनेटरचं बेअरिंग, पट्ट्याची पुली, सायलेंसरवरचा सैल पत्राही फसवतो. मिस्त्री अल्टरनेटर फिरवणारा बाहेरचा पट्टा काढून अर्धा मिनिट इंजिन चालवून बघतात. आवाज गेला तर दोष बाहेरचा. त्याहून जास्त वेळ चालवायचं नाही, कारण अनेक गाड्यांत वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असतो.

आधी तेल, मग पाना

मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं तेल आणि चांगला फिल्टर टाका. फिल्टरमध्ये तेल परत खाली उतरू न देणारा व्हॉल्व्ह असतो. हलक्या फिल्टरात तो लवकर निकामी होतो आणि सकाळची खळखळ निव्वळ त्यामुळेही येते. दोन-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा थंड स्टार्ट ऐका.

आवाज दाबायला जाड तेल मात्र टाकू देऊ नका. एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीत ५डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५० ओतलं. गरम इंजिन शांत झालं, मी खूश. पण जाड तेल थंडीत टेन्शनरपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं, त्यामुळे डिसेंबरात सकाळची खळखळ लांबली आणि चेन झिजत राहिली. जुनी गाडी विकतानाही ही युक्ती वापरतात. म्हणून गाडी बघायला सकाळी जा, 'सुरू करून ठेवू नका' असं आधी कळवा आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

तेल बदलूनही आवाज राहिला तर गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या. पी००१६ हा कोड क्रँक आणि कॅमचा मेळ बिघडल्याचा इशारा आहे. सेन्सर किंवा वायरिंगमुळेही तो येतो, पण सोबत खळखळ असेल आणि पिकअप पडला असेल तर चेन उघडायलाच हवी. व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी यंत्रणा) असलेल्या इंजिनात कॅमवरचा गिअरही थंडीत असाच खडखडतो. तोही तपासायला सांगा.

तोवर गगनबावड्याच्या घाटाकडे जायचा बेत पुढे ढकला. चेनने दात सोडला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. चालताना अचानक मोठा आवाज होऊन गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल मारू नका. ढकलूनही सुरू करू नका. टो करून न्या.

काम करून घेताना

नुसती चेन बदलू नका. चेन, टेन्शनर, गाइड, पुढचं ऑइल सील आणि कव्हरचं पॅकिंग एकदमच बदला. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकांचे, दात हुकासारखे वाकलेले दिसले तर तेही. कव्हर उघडायची मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही. सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. गाइडचे तुकडे पडलेले असतील तर ऑइल चेंबर उतरवून जाळी साफ करायला लावा, नाहीतर ते तुकडे तेलाची वाट अडवतात.

काम टायमिंग लॉक (शाफ्ट जागेवरून हलू न देणारं हत्यार) लावून किंवा खुणा जुळवूनच व्हायला हवं. बसवल्यावर स्टार्टर मारण्याआधी क्रँक पान्याने त्याच्या नेहमीच्या दिशेने पूर्ण दोन फेरे हाताने फिरवतात आणि खुणा पुन्हा तपासतात. मध्ये अडलं तर जोर लावायचा नाही. हे होताना तुम्ही तिथे उभे राहा. कसलेल्या मिस्त्रीला त्याचा राग येत नाही.

जुने भाग मागून घ्या आणि जुनी चेन नव्या चेनशेजारी आडवी धरून बघा. जुनी जास्त वाकते. गाडी त्या रात्री गॅरेजमध्येच राहू द्या. सकाळी तुम्ही पोचल्यावर, तुमच्यासमोर थंड इंजिन सुरू करायला सांगा, आवाज ऐका आणि मग उरलेले पैसे द्या.