चंदेरी पानांची झाडं बहुतेक लाडानेच मरतात

"टेक्सास सेज आणलं आणि महिन्याभरात मान टाकली." असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, पाणी किती घालता? "रोज, न चुकता!" इथेच घोडं पेंड खातं.

हे चंदेरी पानांचं झुडूप मूळचं टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या कोरड्या, चुनखडीच्या जमिनीतलं. पानावरची दाट लव ऊन परतवते, पाणी वाचवते. ओळखीतल्या एका गृहस्थांचं झाड दुपारी मलूल दिसायला लागलं, म्हणून त्यांनी दोन वेळा पाणी सुरू केलं. आणखी मलूल झालं, तर खालची ताटलीही भरून ठेवली! शेवटी कुंडी पालथी केली. माती थबथबलेली, मुळं तपकिरी. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल सुटून हातात आली, आत नुसता दोरा. मूळ कुजलं की वर पाणी चढत नाही, पान कोमेजतं, आणि माणूस पुन्हा झारी उचलतो. मी दोन पेरं बोट मातीत खुपसतो. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू घालतो आणि ताटली ठेवतच नाही. सिल्व्हर बटनवूड मात्र खारफुटीच्या कडेचं झाड, ते ओल सोसतं. सगळ्या चंदेरी झाडांना एकच नियम लावू नका.

दुसरी डोकेदुखी म्हणजे रंगावरून नाव ठोकून देणं. आधी पान अंगठ्याने चोळा. निलगिरीच्या रुपेरी जातींचं मेण पुसलं जातं आणि खालून हिरवं पान दिसतं. लव असेल तर मखमल लागते. ऑलिव्ह आणि एलिएग्नस (हेही रुपेरी पानांचं झुडूप) यांत गोंधळ होतो, तेव्हा फांदी पाहा: ऑलिव्हची पानं समोरासमोर, एलिएग्नसची एकाआड एक, शिवाय मागे बहुधा तपकिरी ठिपक्यांचे खवले. रुपेरी निलगिरीची कोवळी गोल पानं पुढे अनेक जातींत लांबट होतात, तेव्हा नर्सरीवाल्याशी भांडायला जाऊ नका.

चंदेरीपणाला भुरी, म्हणजे पानावर पांढरी पूड आणणारा बुरशीचा रोग, समजून तेलकट फवारे मारणारेही भेटतात. भुरी ठिपक्याठिपक्यांनी पसरते, सगळी पानं एकसारखी रंगवत नाही. तेलाने मेण जातं, आणि त्याबरोबर रुपेरी झाकही.

सावलीत ठेवलं तर झाड हिरवट आणि लांबुडकं होणारच. युरियाने लवकर वाढवायची घाई असेल, तर लुसलुशीत, लोळणाऱ्या फांद्या मिळतील. असल्या उतावळ्यांनी मनीप्लांट लावावा. लॅव्हेंडर छाटताना पानं असलेल्या भागातच कात्री चालवा, जुन्या उघड्या लाकडातून सहसा फूट येत नाही.

आणि आलुबुखाराचं पान अचानक रुपेरी झालं तर हरखू नका. तो छाटणीच्या जखमेतून शिरणाऱ्या बुरशीचा रोग असू शकतो. फांदी कापून पाहा; आत तपकिरी डाग दिसला तर डाग संपेपर्यंत, कोरड्या हवेत, मागे कापत जा.