गॅस गिझरचा धुराचा पाइप गंजतोय? या चुका टाळा

धुराचा पाइप पावसाने गंजतो, असं बहुतेक घरांत धरूनच चालतात. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत तो घासून वर सिल्व्हर रंग मारला जातो. बाहेरून चकाचक, आतून पत्रा खात चाललेला.

पाणी खरं तर आतूनच येतं. एक किलो गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते. धुळे-जळगावला थंडीत पहाटे पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा गार पाइपात या वाफेचे थेंब धरतात. धुरातला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि ते आंबट पाणी सांध्यांत मुरत राहतं. जस्ती पत्र्यावर आधी पांढरी भुकटी येते, मग तांबूस ओघळ. ओघळ दिसले की गिझर बंद असताना स्क्रू ड्रायव्हरने पत्रा हलकेच दाबून पाहा. दबला, तर तो तुकडा बदलायचाच.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक भानगड असते. मागच्या पडवीत गिझर आणि त्याच्याच खाली ठिबक साफ करायच्या ॲसिडचा कॅन! बोअरचं पाणी जड, ड्रिपर क्षारांनी बुजतात, त्यामुळे ॲसिड लागतंच. पण हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ हवेबरोबर बर्नरकडे ओढली जाते आणि पाइप आतबाहेरून खाते. ब्लीचिंग पावडरचंही तसंच. ३०४ स्टेनलेस स्टीलचा पाइप जस्ती पत्र्यापेक्षा पुष्कळ टिकतो, पण या वाफेने त्यालाही खड्डे पडतात. तेव्हा आधी कॅन शेतावरच्या खोलीत हलवा, पाइप मग आणा.

भोकावर पुट्टी किंवा चिकटपट्टी लावणं हा इलाज नाही. उष्णतेने ती सुटते. उरलेला पीव्हीसी पाइप जोडणं तर त्याहून वाईट, तो मऊ पडून वाकतो. आडवा पाइप गिझरपासून बाहेर जाताना मीटरमागे साधारण २ सेंटिमीटर चढता हवा, कोपरे कमीत कमी. तोंडावर टोपी हवीच.

नवा पाइप बसवल्यावर गिझर पाच मिनिटं चालवून धूर ओढला जातो ना, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. अंघोळीत डोकं जड झालं किंवा मळमळलं, तर आधी मोकळ्या हवेत या, घरातल्यांना हाक मारा आणि दवाखाना गाठा. मेकॅनिकने तपासेपर्यंत गिझरला हात नको.