आयएमडीबीवर नोंद करताय? या चुका टाळा

शॉर्टफिल्म पूर्ण झाली, शेवटी सरकणाऱ्या पाट्यांत आपलं नाव आलं, म्हणून हौसेने आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या साइटचा फॉर्म भरला आणि नोंद नाकारली गेली. अशा वेळी चूक बहुधा एकच असते: पडद्यावर काय लिहिलंय ते न भरता आपल्याला काय माहीत आहे ते भरलेलं असतं.

पडद्यावरचं उतरवून घेण्याची सवय त्या साइटला जन्मापासून आहे. तिचा संस्थापक कोल नीडहॅम पाहिलेल्या सिनेमांची श्रेयं स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचा. १९९० मध्ये यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावरच्या चित्रपटवेड्यांच्या अशा याद्या एकत्र आल्या, त्यात शोधायची सोय झाली, १९९३ मध्ये सगळं वेबवर गेलं आणि १९९८ मध्ये ॲमेझॉनने ते विकत घेतलं. मालक बदलला, पण माहितीचा मोठा भाग अजून वापरकर्तेच भरतात. साइटचे लोक ती तपासतात.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा. एका लघुपटाच्या पाट्यांत माझ्या आडनावात एक अक्षर जास्त पडलं होतं. मी शहाणपणा करून फॉर्ममध्ये बरोबर स्पेलिंग टाकलं. त्याआधी दुसऱ्या कुणीतरी पडद्यावरचं चुकीचं स्पेलिंग टाकून ठेवलेलंच होतं. झालं, एकाच माणसाची दोन पानं, निम्मं काम इकडे, निम्मं तिकडे. खरी रीत अशी: प्रत्येक व्यक्तीला ‘एनएम’ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि साइटच्या लेखी माणूस म्हणजे तो क्रमांक. आधी आपलं जुनं पान शोधायचं, श्रेय त्यालाच जोडायचं आणि पडद्यावरचं वेगळं स्पेलिंग ‘ॲज’ या शेऱ्यात द्यायचं. मग नावापुढे कंसात ते स्पेलिंग दिसतं आणि पान एकच राहतं. काम केलंय पण पाटीत नावच नाही, तर ‘अनक्रेडिटेड’ हा शेरा लावा. तो न लावता नोंद घुसवली की तपासणारा पाट्या पाहतो, नाव सापडत नाही, विषय संपला. दोन पानं झालीच असतील तर तिसरं उघडू नका, ती एकत्र करण्याची विनंती पाठवा.

नावापुढचे रोमन आकडे पाहून हिरमुसू नका. एकाच नावाची माणसं वेगळी ओळखता यावीत एवढ्यासाठी ते असतात. दुसरा आकडा मिळाला म्हणजे मान कमी झाला असं नाही.

वर्षाची चूक जरा फसवी असते. पाट्यांच्या शेवटी दिसतं ते कॉपीराइटचं वर्ष. साइट धरते ते पहिल्या जाहीर प्रदर्शनाचं, आणि महोत्सवातला खेळही त्यात आला. महोत्सवात २०२२ मध्ये दाखवलेला सिनेमा थिएटरात २०२३ मध्ये लागला, तरी नावापुढे २०२२च दिसणार. थिएटरची तारीख देशाप्रमाणे वेगळी भरता येते.

मालिकेत काम केलं असेल तर श्रेय एपिसोडला जोडा. प्रत्येक एपिसोडला सिनेमासारखाच ‘टीटी’ने सुरू होणारा स्वतःचा क्रमांक असतो. मालिकेच्या पानावर दिसणारा एपिसोडचा आकडा या नोंदी मोजूनच येतो.

रेटिंगची बेरीज-भागाकार करून ‘गडबड आहे’ असं कळवणारेही असतात. तिथे साधी सरासरी नसतेच, मतांना कमी-जास्त वजन दिलेलं असतं आणि त्याची नेमकी पद्धत मुद्दाम गुलदस्त्यात ठेवलीय, कारण ती फोडली की लोक तिच्याशी खेळणार.

राहिलं नोंद काढून टाकणं. पडलेला सिनेमा लपवावासा वाटतो, समजू शकतो. पण श्रेय खरं असेल तर ते सहसा निघत नाही. वयाचंही २०२२ पर्यंत तसंच होतं. अभिनेत्यांनी मागणी केल्यास सशुल्क सेवांनी वय काढावं असा कायदा कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये केला आणि २०१८ मध्ये न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. जन्मतारीख चुकीची पडली असेल तर मात्र पुराव्यासह दुरुस्ती पाठवा, ती होते.