विंडोजवरून मॅकबुक एअरकडे: आधी जुन्या लॅपटॉपवरची कामं उरका

१३ इंची मॅकबुक एअर जेमतेम सव्वा किलोचा, आत पंखाही नाही. पण विंडोज सोडून त्यावर जायचं तर अर्धं काम जुन्या लॅपटॉपवरच करावं लागतं.

पहिल्या मराठी फायली. श्रीलिपी, शिवाजी, सुरेख अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर ठरलेल्या एकाच संकेतातला, नसतो. फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, देवनागरी रूप त्यांना फॉन्ट देतो. फॉन्ट नसला की मॅकवर नुसती खिचडी दिसते. म्हणून विंडोजवर असतानाच महत्त्वाच्या फायलींची पीडीएफ काढा, मग कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि पीडीएफशी ताडून पाहा. चुका बहुधा रफार, पहिली वेलांटी आणि 'दुसऱ्या'मधल्या ऱ्य पाशी सापडतात. आधीपासून युनिकोड असलेल्या फायलींचंही एक दुखणं आहे: मंगल किंवा निर्मला फॉन्ट मॅकवर नसेल तर दुसरा फॉन्ट लागतो, ओळी सरकतात, आठ पानांचा अर्ज नऊ पानांचा होतो. दोन्हीकडे मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी टाकून तोच फॉन्ट वापरलात की प्रश्न मिटतो.

मग सॉफ्टवेअरची यादी करा. हिशेबाचं टॅलीप्राइम आणि डेटाबेसचं मायक्रोसॉफ्ट अॅक्सेस मॅकसाठी मिळत नाहीत. एक्सेल मिळतं, पण पॉवर पिव्हट (मोठ्या डेटाचं विश्लेषण करणारी सोय) आणि शीटमध्ये बसवलेली अॅक्टिव्हएक्सची बटणं त्यात चालत नाहीत. अॅपलच्या एम-चिपच्या मॅकवर बूट कॅम्पही (मॅकवर थेट विंडोज सुरू करायची सोय) नाही. पॅरलल्स या अॅपमध्ये मॅकओएसच्या आतच विंडोज चालवता येतं, पण ते एआरएम या वेगळ्या जातीच्या चिपसाठीचं, त्यामुळे जुन्या यूएसबी उपकरणांचे ड्रायव्हर अडतात. दिवसभर टॅलीच करायची असेल तर सरळ जुना लॅपटॉप टेबलावर राहू द्या. डिजिटल सहीचं टोकन आणि कॅननच्या एलबीपी २९०० सारखा नुसत्या यूएसबीवरचा प्रिंटर यांना आपल्या मॅकओएसच्या आवृत्तीचा ड्रायव्हर आहे का, हे विकत घेण्याआधी बघा. एअरप्रिंटचा, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा प्रिंटर असेल तर ही कटकट नाही.

डेटा नेताना डिस्कचं फॉरमॅट महत्त्वाचं. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटची डिस्क मॅक वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे वापरायची तर तिचं फॉरमॅट एक्सफॅट करा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आतलं आधी दुसरीकडे कॉपी करून घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) लावलेली डिस्क मॅक उघडत नाही. वनड्राइव्हमध्ये ढगाचं चिन्ह असलेल्या फायली लॅपटॉपवर उतरलेल्याच नसतात. कॉपी करण्यापूर्वी फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि उतरेपर्यंत थांबा.

मॅकवर मराठीसाठी सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेसपुढचं एडिट, मग अधिकचं चिन्ह. तिथं मांडणीचं चित्र दिसतं. आपल्या बोटांना सवयीची निवडा. भाषा बदलायला कंट्रोल आणि स्पेस.

बाकी सवयींचा भाग. कंट्रोलच्या जागी कमांड. एंटर दाबल्यावर फाइल उघडत नाही, तिचं नाव बदलायला सुरुवात होते, उघडायला कमांड-ओ. फाइल हलवायची तर कमांड-सी, आणि नव्या जागी ऑप्शन-कमांड-व्ही. लाल बटणाने खिडकी बंद होते, बरीच अॅप्स मात्र चालूच राहतात, त्यांना कमांड-क्यू. डाउनलोड केलेल्या डीएमजीतलं (मॅकच्या अॅपचं पाकीट असलेल्या फाइलमधलं) अॅप ओढून अॅप्लिकेशन्समध्ये टाका, डीएमजीतूनच चालवत बसू नका. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह मॅकला चालतं, विंडोजला नाही, म्हणून ऑफिसला पाठवायच्या फायलींत ते टाळा.

खरेदीत रॅमकडे नीट बघा, नंतर वाढवता येत नाही. सेकंडहँड घेतानाही १६ जीबीच बघा. एम१ आणि एम२ चिपच्या एअरला बाहेरचा एकच मॉनिटर जोडता येतो. एम३ ला दोन, पण झाकण मिटून. एम४ ला झाकण उघडं ठेवूनही दोन. पेन ड्राइव्ह आणि एचडीएमआयसाठी यूएसबी-सी हब त्याच वेळी घ्या. आणि हिशेबाची कामं असतील तर जुना लॅपटॉप मार्चअखेर उलटेपर्यंत फॉरमॅट करू नका.