वाघदेवाचा व्हिडिओ टाकताय? या चुका टाळा

डहाणू-जव्हारच्या वारली पाड्यांवर सूर्य, चंद्र आणि वाघ कोरलेला वाघदेवाचा खांब दिसला की हात आपोआप मोबाईलकडे जातो. पुढची गडबड तिथूनच सुरू होते.

सगळ्यात महागात पडते ती लोकेशनची चूक. जुनं कोरीव लाकूड किंवा दगड दिसला की खाली गुप्तधन असणार, ही समजूत अजून गेलेली नाही. रीलवर ठिकाण टाकलंत तर कुदळवाल्यांना आयताच पत्ता मिळतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. एक खोच मलाही उशिरा कळली: व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला तर त्यातलं लोकेशन गळून जातं, पण दर्जा टिकावा म्हणून ‘डॉक्युमेंट’ करून पाठवला तर तसंच पुढे जातं. चांगल्या प्रतीच्या हौसेपायी मी असे बरेच पत्ते वाटलेत.

दुसरी चूक परवानगीची. भगत हो म्हणाला म्हणजे गाव हो म्हणालं, असं नसतं. डहाणू आणि जव्हार हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रात येतात आणि परंपरा, सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेकडे दिलाय. तिथे विचारा. चित्रीकरणाचं वेगळं, नेटवर टाकायचं वेगळं. लग्न लावणारी धवलेरी लग्नात गाते ते तर रीलमागे वाजवायला नसतंच.

आणि व्हिडिओखाली लिहिलेलं ते ‘पाच हजार वर्षं जुनं वारली चित्र’! मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या प्राचीन गुहाचित्रांशी साम्य दिसतं, पण साम्यावरून वय ठरत नाही. लग्नचौक, म्हणजे लग्नातलं चौकोनी भित्तिचित्र, सवाष्णी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. भिंत पुन्हा सारवली की तो गेला. कागदावरची वारली चित्रं जिव्या सोमा मशे यांच्यामुळे गाजली, ती १९७० च्या दशकापासून. त्यापेक्षा चौक कोणी काढला, कोणत्या वर्षी, कोणाच्या लग्नात, हे लिहा. नाव घालायचं की नाही, तेही विचारून.

वारली बोलीतलं बोलणं सबटायटलमध्ये ‘शुद्ध’ करू नका. बोली तशीच ठेवा, अर्थ खाली द्या.

चूक होऊन गेली असेल तर पोस्टमधलं ठिकाण खोडून भागत नाही. मागचा डोंगर, धरण ओळखू येतं. पोस्ट काढा, ज्यांनी पुढे पाठवली त्यांनाही सांगा. मूळ फाईल मात्र पुसू नका. पेन ड्राइव्हवर भरून पाड्यावर नेऊन द्या, तिथे रेंज मिळेलच असं नाही.